फोटो लहान करताना काय हरवतं
(व्याख्यानमालेतील भाषणाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी.

समोर बसलेल्यांत लग्नाचे फोटो काढणारे आहेत, फ्लेक्स आणि पत्रिकांची डीटीपीची कामं करणारे आहेत, सेवा केंद्रात मुलांचे परीक्षेचे फॉर्म भरून देणारे आहेत आणि ग्रंथालयात जुने कागद स्कॅन करणारेही आहेत. भाषण सुरू व्हायच्या आधी बाहेर भेटलेल्या बहुतेकांनी एकच प्रश्न विचारला: फोटो मोठा केला की फाटतो, त्याला उपाय काय? त्याचं उत्तर मी देणार आहे, पण उत्तरार्धात. आधी तासातला मोठा भाग मला फोटो लहान करण्यावर घालवायचा आहे. मोठा केलेला फोटो फाटला तर तो लगेच दिसतो, गिऱ्हाईक परत येतं, आपण दुरुस्त करतो. लहान करताना झालेलं नुकसान मात्र कोणाच्याच लक्षात येत नाही. चोवीस मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातून निघालेला सुंदर फोटो मोबाइलवर मऊ, निस्तेज दिसतो आणि आपण लेन्सला दोष देतो. दोष बहुतेक वेळा लेन्सचा नसतो, रिसाईजचा असतो.

सुरुवात पिक्सेलपासून करू. १९५७ साली अमेरिकेतल्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स या सरकारी संस्थेत रसेल कर्श नावाच्या अभियंत्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक छायाचित्र पहिल्यांदा संगणकात घेतलं. फोटो होता कर्शच्या तान्ह्या मुलाचा, मूळ कागद साधारण पाच सेंटिमीटर चौरस, आणि संगणकातलं चित्र १७६ गुणिले १७६ पिक्सेलांचं. म्हणजे सगळे मिळून ३०,९७६ ठिपके. आज तुमच्या खिशातला फोन एका टिचकीत एक कोटीहून जास्त ठिपके टिपतो. ठिपके वाढले, पण त्यामागची कल्पना तीच राहिली: चित्रावर ठरावीक अंतराने बोट ठेवायचं, तिथे किती उजेड आहे ते मोजायचं आणि आकडा लिहून ठेवायचा.

हे 'बोट ठेवणं' नीट लक्षात घ्या. पिक्सेल म्हणजे रंगीत चौकोनी फरशी असं आपल्या डोक्यात बसलेलं असतं, कारण झूम केलं की स्क्रीनवर चौकोन दिसतात. आल्वी रे स्मिथ या संगणकचित्र-शास्त्रज्ञाने १९९५ मध्ये एक टिपण लिहून ही समजूत खोडून काढली. पिक्सेल हा एका जागी घेतलेला नमुना आहे. दोन नमुन्यांच्या मध्ये काय होतं ते फाइलमध्ये नाही. ते आपल्याला अंदाजाने भरावं लागतं. रिसाईज करणं म्हणजे जुन्या नमुन्यांवरून मूळ उजेड कसा पसरला असेल याचा अंदाज बांधायचा आणि त्यावर नव्या अंतराने पुन्हा बोटं ठेवायची. फाइल लहान करा की मोठी करा, काम हेच.

आता इरकल साडी घ्या. बारीक चौकड्यांची. समजा, तुमच्या मूळ फोटोत त्या चौकडीची एक काळी आणि एक उजळ रेघ मिळून तीन पिक्सेल भरतात. हा फोटो तुम्ही लांबी-रुंदी दोन्हींत एक चतुर्थांश केला. सॉफ्टवेअर जर आळशी असेल तर ते दर चौथ्या पिक्सेलवर बोट ठेवून पुढे जाईल. पहिलं बोट पडेल काळ्या रेघेच्या सुरुवातीला. पुढचं चार पिक्सेलांवर, म्हणजे पुढच्या रेघेत एक पिक्सेल आत. त्याच्या पुढचं दोन पिक्सेल आत. मग पुन्हा सुरुवातीला. म्हणजे नव्या फोटोत तीन पिक्सेलांची एक चौकडी तयार होईल. नव्या फोटोतले तीन म्हणजे जुन्यातले बारा. साडीवर तीन पिक्सेलांची चौकडी होती, आता तिच्या चौपट रुंद चौकडी दिसते आहे, आणि ती त्या साडीवर कधीच नव्हती! लग्नाच्या अल्बममध्ये साड्यांवर, खणाच्या चोळीवर, नवरदेवाच्या बारीक रेघांच्या कोटावर जे लाटांसारखे पट्टे दिसतात, त्यातले बरेच कॅमेऱ्याने दिलेले नसतात, फोटो लहान करताना आपणच ते पाडलेले असतात.

या घोटाळ्याला एलियासिंग म्हणतात. सिनेमात टांग्याची चाकं उलटी फिरताना दिसतात तोही हाच प्रकार, तिथे नमुने काळावर घेतलेले असतात एवढंच. टेलिग्राफच्या तारांवरून किती संदेश पाठवता येईल याचा विचार करताना हॅरी नायक्विस्टने १९२८ मध्ये याचा पाया घातला आणि क्लॉड शॅननने १९४९ मध्ये त्याला पक्कं गणिती रूप दिलं. आपल्यापुरता त्याचा अर्थ असा: काळी-पांढरी अशी एक जोडी दाखवायला किमान दोन पिक्सेल लागतात. नव्या आकारात त्या जोडीला दोन पिक्सेल मिळणार नसतील तर ती दाखवताच येत नाही. मग ती प्रामाणिकपणे पुसून टाकायची, तिथे सपाट सरासरी रंग ठेवायचा. पुसली नाही तर ती खोटं रूप घेऊन परत येते.

म्हणजे शार्प ठेवायचं असेल तर आधी ब्लर करायचं! ऐकायला उलटं वाटतं, म्हणून मी त्यावर थांबतो. चांगलं सॉफ्टवेअर फोटो लहान करण्याआधी, किंवा करता करता, जे बारकावे नव्या आकारात मावणारच नाहीत तेवढेच काढून टाकतं. त्याहून कमी काढले तर पट्टे, दातेरी कडा, केसांची कुसळं. त्याहून जास्त काढले तर फोटो मऊ. सगळी कला या दोन चुकांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत आहे, आणि ती जागा किती चांगली सापडते यावर एक पद्धत दुसरीपेक्षा सरस ठरते.

आता रिसाईज करताना सॉफ्टवेअर पद्धतींची जी यादी दाखवतं ती बघू. निअरेस्ट नेबर: सगळ्यात जवळचा पिक्सेल उचलायचा. फोटोला कधीच वापरू नका. पिक्सेलांची चित्रं, स्क्रीनशॉट दुप्पट-तिप्पट करायला ती उत्तम. बायलिनिअर: शेजारचे चार पिक्सेल मिसळायचे. बायक्युबिक: सोळा पिक्सेल. लँक्झॉस: तिचा नेहमीचा प्रकार छत्तीस पिक्सेल बघतो. हंगेरीत जन्मलेले गणिती कॉर्नेलियस लँक्झॉस यांच्या नावाची ही पद्धत हवामानाच्या आकडेवारीसाठी १९७९ मध्ये मांडली गेली आणि मग फोटोंच्या कामात रुळली.

पण या आकड्यांत एक फसगत आहे आणि ती कोणी सांगत नाही. बायलिनिअर चार पिक्सेल बघतं. फोटो एक चतुर्थांश करताना नव्या एका पिक्सेलच्या वाट्याला जुने सोळा येतात. चार बघितले, बारांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. इरकलीचे पट्टे असे येतात. त्यामुळे नुसतं पद्धतीचं नाव पुरेसं नाही. लहान करताना ते सॉफ्टवेअर आपली नजर त्या प्रमाणात रुंद करतं का, हे महत्त्वाचं. रुंद करणारं लँक्झॉस एक चतुर्थांश करताना चोवीस गुणिले चोवीस, म्हणजे ५७६ जुने पिक्सेल तपासून एक नवा ठरवतं. इथे कोणी प्रोग्रॅमिंग करणारे असतील तर त्यांनी लक्षात ठेवावं: ओपनसीव्ही या चित्रांवर काम करणाऱ्या लायब्ररीत आपोआप मिळणारी बायलिनिअर पद्धत नजर रुंद करत नाही, तिथे लहान करायला 'एरिया' हा, वाट्याला आलेल्या सगळ्या जुन्या पिक्सेलांची सरासरी काढणारा पर्याय घ्यावा लागतो. पिलो ही पायथनची लायब्ररी मात्र आपणहून नजर रुंद करते. आणि ज्यांच्याकडे बायलिनिअरशिवाय काहीच नाही त्यांनी एकदम उडी न मारता फोटो बरोबर निम्मा करावा, मग पुन्हा निम्मा. निम्मा करताना चार जुन्यांतून एक नवा होतो, त्यामुळे चारही बघितले जातात, कोणी सुटत नाही.

आता उजेडाबद्दल. माझ्या मते या विषयातली ही सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट आहे. फाइलमध्ये काळा म्हणजे ०, पांढरा म्हणजे २५५. मग दोघांच्या मधला उजेड किती? १२८ म्हणाल. चूक. हे आकडे उजेडाच्या प्रमाणात वाढत नाहीत, आपल्या डोळ्यांना जाणवणाऱ्या पायऱ्यांप्रमाणे वाढतात. एसआरजीबी या १९९६ मध्ये आलेल्या आणि आज सगळीकडे चालणाऱ्या पद्धतीत अर्ध्या उजेडाचा आकडा १८८ आहे. १२८ म्हणजे पांढऱ्याच्या जेमतेम २२ टक्के उजेड. बहुतेक सॉफ्टवेअर सरासरी काढताना आकड्यांची काढतात, उजेडाची नाही. मग दिवाळीच्या माळा, गणपतीच्या मांडवावरची रोषणाई, पाण्यावर चमकणारे कवडसे, असे काळोखातले बारीक उजेडाचे ठिपके फोटो लहान केल्यावर विझल्यासारखे दिसतात. ज्या सॉफ्टवेअरमध्ये 'लिनिअर लाइट' मध्ये, म्हणजे खऱ्या उजेडाची सरासरी काढून, रिसाईज करायची सोय आहे, तिथे रात्रीच्या फोटोंसाठी ती जरूर वापरा.

आणि लगेच त्याचा अपवाद सांगतो, कारण ग्रंथालयवाले इथे आहेत. पांढऱ्या कागदावरची काळी अक्षरं लहान करताना हेच उलटं लागू पडतं. उजेडाची खरी सरासरी काढली की पांढरा कागद जिंकतो आणि अक्षरं किरटी, फिकट होतात. तिथे ती शास्त्रीयदृष्ट्या 'चुकीची' आकड्यांची सरासरीच वाचायला बरी पडते. सगळ्याला एकच औषध चालत नाही.

पुढचा मुद्दा शार्पनेसचा. शार्प म्हणजे काय? जास्त पिक्सेल म्हणजे शार्प नव्हे. अंधारातून उजेडात जाणारी कड किती झटकन जाते, त्यावर डोळा शार्प की मऊ ते ठरवतो. हे आकड्यांनीच बघू. एका ओळीत पिक्सेल आहेत: ४०, ४०, ४०, मग २००, २००, २००. म्हणजे काळपट भिंत आणि उजळ आकाश. ही ओळ दुप्पट करायची आहे, मधले पिक्सेल भरायचे आहेत. बायलिनिअर ४० आणि २०० च्या मध्ये १२० टाकेल, बाकी सगळीकडे ४० किंवा २००. बायक्युबिकची जी आवृत्ती रॉबर्ट कीज यांनी १९८१ मध्ये मांडली, तीही कडेच्या मधोमध १२० च टाकते. पण त्याच्या अलीकडच्या दोन चाळिसांच्या मध्ये ती ३० टाकते आणि पलीकडच्या दोन दोनशेंच्या मध्ये २१०. मूळ ओळीत ३० कुठेच नव्हता, २१० कुठेच नव्हता. अंधाराच्या बाजूला थोडा जास्त अंधार, उजेडाच्या बाजूला थोडा जास्त उजेड. म्हणून कड उठून दिसते.

ही लबाडी आहे का? मला तसं वाटत नाही, कारण आपला डोळा स्वतःच हे करतो. अर्न्स्ट माख यांनी १८६५ मध्ये दाखवलं की दोन सपाट करड्या पट्ट्यांच्या सीमेवर माणसाला नसलेली काळी आणि नसलेली उजळ रेघ दिसते. डोळ्याची ती सवय ओळखून आपण तिला थोडी मदत करतो. मदत थोडी असेल तोवर ती शार्पनेस म्हणून दिसते. जास्त झाली की डोंगराच्या कडेने पांढरी किनार दिसायला लागते, नवरीच्या खांद्याभोवती प्रभावळ येते. तिला हेलो म्हणतात, आणि एकदा दिसली की तो फोटो बघताना दुसरं काही दिसत नाही.

किती मदत थोडी आणि किती जास्त, हे ठरवण्याच्या कामात एक मुंबईकर आहेत हे मी आवर्जून सांगणार आहे. अरुण नेत्रावळी मुंबईत जन्मले, आयआयटी मुंबईत शिकले, अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये गेले, पुढे तिचे अध्यक्ष झाले. २००१ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. १९८८ मध्ये डॉन मिचेल आणि नेत्रावळी यांनी एक शोधनिबंध मांडला. बायक्युबिक पद्धतींचं अख्खं कुटुंब त्यांनी दोन आकड्यांत बसवलं. एक आकडा वाढवला की चित्र मऊ होत जातं, दुसरा वाढवला की कडांभोवती लहरी उठायला लागतात. मग त्यांनी काय करावं? गणितात उत्तर शोधत न बसता जाणकार माणसांना चित्रं दाखवली आणि विचारलं: हे मऊ आहे, हे लहरी आहे, की हे बरं आहे? त्या उत्तरांवरून नकाशा काढला आणि दोन्ही आकडे एक तृतीयांश ठेवा अशी शिफारस केली. इमेजमॅजिक हे सॉफ्टवेअर आजही फोटो मोठा करताना आपणहून मिचेलच वापरतं आणि लहान करताना लँक्झॉस. तुम्ही वेबसाइटवर जे फोटो बघता त्यातल्या कित्येकांना या मुंबईकराचा हात लागलेला असतो. आपल्याकडच्या किती फोटोग्राफरांना हे नाव ठाऊक आहे? ठाऊक व्हायला हवं.

लहान केल्यावर वेगळं शार्पनिंग करायचं की नाही? करायचं, थोडं, आणि शेवटी. अनशार्प मास्क नावाचं साधन संगणकाच्या आधीचं, डार्करूममधलं आहे. निगेटिव्हची थोडी धूसर पॉझिटिव्ह फिल्म बनवून दोन्ही एकावर एक ठेवून प्रिंट काढायचे. संगणकात तेच: फोटोची ब्लर प्रत मूळ फोटोतून वजा करा, उरतात फक्त कडा, त्या कडा थोड्या प्रमाणात मूळ फोटोत परत मिळवा. स्क्रीनसाठी रेडियस, म्हणजे ब्लर किती दूर पसरवायचा तो आकडा, अर्ध्या पिक्सेलच्या आसपास ठेवा, फोटो शंभर टक्क्यांवर ठेवून बघा, आणि जिथे परिणाम नजरेत भरायला लागतो तिथून थोडं मागे या. गालांना, आकाशाला लावू नका. डोळे, दागिने, जरीचा काठ यांना लावा. रंगांना न लावता फक्त उजेडाला लावलं तर कडांवर रंगीत फटी येत नाहीत. कागदावर छापायचं असेल तर स्क्रीनवर थोडं खरखरीत वाटेल इतकं शार्प करावं लागतं, कारण शाई कागदात पसरते.

यातून एक नियम आपोआप येतो. शार्पनिंग शेवटच्या आकारासाठी असतं, म्हणून मूळ फाइल कधीही शार्प करून ठेवायची नाही. मोबाइलसाठी एक प्रत, बारा बाय अठराच्या प्रिंटसाठी एक, फ्लेक्ससाठी एक, प्रत्येक थेट मूळ फाइलवरून. लहान केलेल्यातून आणखी लहान, त्यातून पुन्हा मोठा, असा प्रवास करत आलेला फोटो मी लांबूनही ओळखतो. त्यात जेपीईजीची भर पडते. जेपीईजी चित्राचे आठ गुणिले आठ पिक्सेलांचे तुकडे करून प्रत्येकातले बारकावे टाकून देतं. दर वेळी सेव्ह केलं की थोडं आणखी टाकतं, आणि तुम्ही शार्प केलंत की ते तुकड्यांचे जोड आधी उठून दिसतात. म्हणून जेपीईजी एकदाच, सगळ्यात शेवटी.

आता फॉर्मचा फोटो. ही गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण महाराष्ट्रात सगळ्यात जास्त रिसाईज बहुधा याच कामासाठी होत असेल, आणि एका मुलाचा अर्ज त्यावर अडकतो. बँकांच्या आयबीपीएस परीक्षेचं उदाहरण घ्या. फोटो २०० गुणिले २३० पिक्सेल, २० ते ५० केबी. सही १४० गुणिले ६० पिक्सेल, १० ते २० केबी. फोनमधून फोटो येतो एक कोटी वीस लाख पिक्सेलांचा. घाईत काय केलं जातं? पिक्सेल तेवढेच ठेवून क्वालिटीचा काटा खाली ओढला जातो, ५० केबी येईपर्यंत. एक कोटी वीस लाख पिक्सेल ५० केबीत कोंबले तर चेहऱ्याच्या ठिकऱ्या उडणारच. आता दुसरा हिशोब करा: २०० गुणिले २३० म्हणजे ४६,००० पिक्सेल. ५० केबी म्हणजे ५१,२०० बाइट. प्रत्येक पिक्सेलला एक बाइटहून जास्त जागा आहे! जेपीईजीला हे ऐसपैस आहे, क्वालिटी ९० च्या वर ठेवून फोटो सहज बसतो.

म्हणून क्रम असा: आधी २० ला २३ या प्रमाणात चेहरा क्रॉप करा, समजा १८०० गुणिले २०७०. मग चांगल्या पद्धतीने २०० गुणिले २३० करा. किंचित शार्प करा. मग जेपीईजी. प्रमाण न पाळता रुंदी-उंचीचे आकडे नुसते ठोकून दिले तर चेहरा चेपतो, आणि हॉलतिकिटावर तो मुलगा स्वतःसारखा दिसत नाही. सहीसाठी बारीक बॉलपेन नको. रेघ बारीक असली तर १४० पिक्सेलांत ती करडी होऊन विरते. काळं जाड जेल पेन द्या, सही स्कॅन करून कागदाची मोकळी जागा क्रॉप करून टाका, आणि लहान केल्यावर लेव्हल्समध्ये, म्हणजे काळं-पांढरं कमीजास्त करायच्या साधनात, काळा थोडा गडद करा. सहीच्या फाइलला उलटीच अडचण येते, ती १० केबीच्या खाली जाते. तेव्हा क्वालिटी वाढवा, पिक्सेल वाढवू नका.

डीपीआयबद्दल एक वाक्य. फाइलमधला डीपीआयचा, म्हणजे इंचाला किती ठिपके छापायचे त्याचा, आकडा ७२ चा ३०० केल्याने पिक्सेलमध्ये काहीही बदलत नाही. तो छापणाऱ्याला दिलेला निरोप आहे.

आता मोठं करण्याकडे येतो. आधी विचारायचं, बघणारा कुठे उभा आहे? निरोगी डोळ्याला साधारण एका अंशाच्या साठाव्या भागापर्यंतचं वेगळेपण कळतं. हातात धरलेल्या प्रिंटला, फुटाभरावरून, त्याचे होतात इंचाला २८६ ठिपके; छपाईतला ३०० चा आकडा त्याच्या जवळचा आहे. दहा फुटांवरून तोच हिशोब इंचाला २९ वर येतो. सहा फूट रुंद फ्लेक्सवर ६००० पिक्सेलांचा फोटो इंचाला ८३ पिक्सेल देतो, म्हणजे लागतात त्याच्या जवळजवळ तिप्पट. व्हॉट्सॲपवर साध्या पद्धतीने आलेला, १६०० पिक्सेल रुंदीचा फोटोही इंचाला २२ देतो. रस्त्यापलीकडून तो चालून जातो. तरी फ्लेक्स फाटतात. कारण फोटो पूर्ण वापरलेला नसतो. ग्रुप फोटोतला एक चेहरा कापून काढलेला असतो, ऐंशी पिक्सेलांचा, आणि तो तीन फूट रुंद केलेला असतो. इंचाला दोन पिक्सेल! तिथे लँक्झॉस काय करणार आणि मिचेल-नेत्रावळी काय करणार? या पद्धती मधल्या जागा गुळगुळीत भरतात. पापण्या त्यांच्याकडे नाहीत.

पापण्या देणारी साधनं आता आली आहेत. २०१४ मध्ये न्यूरल नेटवर्कने, म्हणजे उदाहरणांवरून शिकणाऱ्या एआयने, फोटो मोठा करण्याचा पहिला गाजलेला प्रयोग झाला, २०१७ पासून चेहऱ्याची त्वचा, केस, विणकाम खरंखुरं वाटेल असं भरणारी नेटवर्क आली, आणि आज फुकटच्या ॲपमध्ये ती एका बटणावर मिळतात. ती कशी चालतात ते समजून घ्या. नेटवर्कला लाखो फोटो आणि त्यांच्याच लहान प्रती दाखवलेल्या असतात. असा डाग दिसला की बहुतेक वेळा तिथे अशी पापणी होती, हे ते शिकतं. दगडी भिंत, गवत, साडीचा पोत, झाडांची पानं यांना मी ही साधनं आनंदाने वापरतो. फोटोशॉपमधलं २०२१ पासूनचं सुपर रिझोल्यूशन दोन्ही बाजू दुप्पट करतं आणि निसर्गचित्रांना, देवळांच्या शिल्पांना फार छान काम देतं.

चेहऱ्याच्या बाबतीत मी थांबायला सांगतो. २०२० मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांनी सोळा गुणिले सोळा पिक्सेलांच्या चेहऱ्यातून १०२४ गुणिले १०२४ चा स्वच्छ चेहरा काढणारी पद्धत मांडली. लोकांनी तिला बराक ओबामांचा लहान, धूसर फोटो दिला. बाहेर आला एका गोऱ्या माणसाचा चेहरा. शार्प, सुबक आणि दुसऱ्याच कोणाचा. तो चेहरा पुन्हा लहान केला की तोच सोळा पिक्सेलांचा डाग मिळतो, त्यामुळे गणिताच्या दृष्टीने उत्तर चूक नव्हतं. हजारो वेगवेगळे चेहरे लहान केल्यावर एकाच डागाला येऊन मिळतात. त्यातला आपला कोणता, हे त्या डागात लिहिलेलंच नसतं.

हे लांबचं उदाहरण झालं. आपल्याकडे श्रद्धांजलीच्या फ्लेक्ससाठी आजोबांचा एकुलता एक फोटो येतो, लग्नाच्या ग्रुपमधला, मागच्या रांगेतला. ॲप त्यांना नवे दात देतं, भुवया देतं, कपाळावरची जखमेची खूण पुसतं. घरच्यांना क्षणभर बरं वाटतं आणि मग कोणीतरी म्हणतं, हे आप्पांसारखे दिसत नाहीत. अशा वेळी मी घरच्यांना सरळ सांगतो की चेहरा लहान ठेवू या. सहा फुटांच्या फ्लेक्सवर फुटभराची चौकट, त्यात साध्या बायक्युबिकने मोठा केलेला, किंचित मऊ, पण त्यांचाच चेहरा. भोवती मजकूर, फुलं, मोकळी जागा. वर छापील फोटोसारखा थोडा ग्रेन टाकला तर डोळ्याला मऊपणा खुपत नाही. ग्रेन खोटा तपशील देत नाही, तो फक्त पृष्ठभाग देतो. शक्य असेल तर मूळ प्रिंट मागवा. त्या ग्रुप फोटोचा कागदी प्रिंट कोणाच्या तरी कपाटात असतो, आणि तो ६०० डीपीआयने स्कॅन केला तर ऐंशी पिक्सेलांच्या चेहऱ्याचे तीन-चारशे होऊ शकतात. ॲपपेक्षा ही विचारपूस जास्त मोलाची आहे.

शेवटी कागदपत्रं. छापील देवनागरीतला अनुस्वाराचा ठिपका ३०० डीपीआयच्या स्कॅनमध्ये चार-पाच पिक्सेलांचा असतो. फाइल एक चतुर्थांश केली की तो एक पिक्सेल उरतो, तोही करडा. मोडीत बोरूची रेघ अक्षरामागून अक्षर जोडत जाते आणि दोन अक्षरांतला फरक कधी कधी एका बारीक वळणाचा असतो. म्हणून वाचण्यासाठीची प्रतही फार लहान करू नका, आणि लहान करताना लँक्झॉसपेक्षा एरिया सरासरी घेऊन मग लेव्हल्स गडद करा, म्हणजे रेघांच्या भोवती पांढऱ्या लहरी येणार नाहीत.

आणि दस्तांना एआयचं मोठं करणं लावूच नका. २०१३ मध्ये डेव्हिड क्रिझेल या जर्मन संगणकशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की एका मोठ्या कंपनीची कार्यालयीन यंत्रं स्कॅन करताना आकडे बदलत होती. घराच्या नकाशातली खोल्यांची मापं बदलली होती, कुठे ६ चा ८ झाला होता. अक्षरं धूसर झाली नव्हती, ती अगदी स्वच्छ, शार्प आणि चुकीची होती. फाइल लहान करण्यासाठी ते यंत्र सारखे दिसणारे तुकडे शोधून एकाच्या जागी दुसरा बसवत होतं. न्यूरल नेटवर्क याच वाटेने जातं, फक्त जास्त हुशारीने. जमिनीच्या दस्तात, वंशावळीत, हिशोबाच्या वहीत असा एक बदललेला आकडा कोणाच्याही नजरेला खटकणार नाही, कारण तो धूसर नसेल.

तेव्हा मूळ स्कॅन टिफमध्ये, म्हणजे जेपीईजीसारखे बारकावे न टाकणाऱ्या फाइलमध्ये, शार्पनिंग बंद करून, शेजारी मापपट्टी ठेवून घ्या. वाचायची प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये, आणि तिच्या नावातच कोणता आकार, कोणती पद्धत ते लिहा. प्रदर्शनासाठी एखादं पान मोठं करून, उजळून लावायचं असेल तर जरूर लावा, पण खाली 'संस्कारित प्रत' अशी ओळ टाका आणि मूळ फाइलचा क्रमांक द्या. आता प्रश्न घेऊ. ज्यांनी पेनड्राइव्हवर स्वतःचे फोटो आणलेत त्यांनी पुढे यावं, इथेच शंभर टक्क्यांवर उघडून बघू.